भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

१

मास्तरचं तोंड भिंतीकडे होतं आणि डोक्याचा मागचा भाग उरलेलाच नव्हता.

उमेदीची सगळी वर्षं मी पोलिसात काढली. मग वरिष्ठांशी पटेना म्हणून खासगी तपासाचं दुकान मांडलं. रक्ताची मला सवय आहे. तरी त्या खोलीत पाऊल टाकताना मी दाराची चौकट धरली. चाकांची खुर्ची पार भिंतीला भिडवलेली आणि तो धिप्पाड माणूस तिच्यात पुढे कलंडलेला, कपाळ भिंतीला टेकलेलं. मस्ती केली म्हणून शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसत होता. चहाच्या कपाचा कान अजून बोटात अडकलेला होता. रक्त छतापर्यंत उडालं होतं. फरशीवर एक नवाकोरा हातोडा पडला होता आणि त्याला केस चिकटले होते.

"एका घावावर भागलं नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "मेल्यावरही घालतच राहिलाय. बाई, तुम्ही इथे यायला नको होतं."

हा इन्स्पेक्टर एके काळी माझ्या हाताखाली होता. अजून मला बाई म्हणतो आणि अजून घाईत निष्कर्ष काढतो.

"माझी भाची कुठाय?"

"लॉकअपमध्ये. तिथेच बरी आहे. लोकांच्या हातात राहिली असती तर उरली नसती."

ठमी माझ्या बहिणीची मुलगी. ती आणि मास्तर मिळून या दोन खोल्यांत लोकांच्या वेबसाइटी बनवायचे. मास्तर हे त्याचं टोपणनाव; गिऱ्हाइकाला शाळेतल्यासारखं शिकवत बसायचा म्हणून पडलेलं. दुपारी ठमी बाहेरून आली, तिने त्याला असं पाहिलं आणि उठवायला गेली. कोपरापर्यंत रक्ताने माखून ती जिन्यात किंचाळत उतरली, आणि खालच्या दुकानदारांनी सकाळचं दोघांचं भांडण ऐकलेलं असल्यामुळे लगेच निकाल लावला. मास्तरच्या भावाने तिला केसांना धरून रस्त्यावर आपटलं. बाकीच्यांनी लाथा घातल्या.

"आणि पुरावा हा बघा," इन्स्पेक्टरने टेबलावरच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

अक्षरं एवढी मोठी होती की मला दारातूनच वाचता आली. हातोड्यांच्या एका कारखान्याची नवी साइट होती. ती उघडून तिच्यात फेरफार करायचा अधिकार कोणाला, त्याची यादी समोर होती. यादीत एकच शब्द: मालक.

"कालपर्यंत यात मास्तरचं नाव होतं आणि तुमच्या भाचीचं होतं," तो म्हणाला. "आज तिचं नाव उडवलेलं. तिने आत येऊन हे पाहिलं, सकाळचं भांडण डोक्यात होतंच, समोर गिऱ्हाइकाचा नमुन्याचा हातोडा. उचलला आणि घातला."

"मास्तरचंही नाव उडालंय की. स्वतःलाच हाकललं वाटतं त्याने?"

टेबलावर एक वायर नुसतीच लोंबत होती. तिच्या टोकाला हार्ड डिस्क असायला हवी होती. ती कोणीतरी नेली होती.

"उद्या सकाळी तिला कोर्टात उभी करणार," तो म्हणाला. "वर विचारताहेत. माझ्या हातात आजचा दिवस आहे, बाई."

२

ठमीचा खालचा ओठ फाटला होता आणि एक डोळा मिटला होता. मी गजांतून हात घातला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसाच.

"मावशी, मी नाही गं मारलं त्याला."

"ते मला ठाऊक आहे. तुला साधं झुरळ मारता येत नाही, शेजाऱ्यांना बोलावतेस. रडू नंतर. भांडण कशावरून झालं?"

"नेहमीचंच. आज त्या कारखान्याचा हँडओव्हर होता. मी म्हटलं, साइटची एक किल्ली आपल्याकडे राहू दे, त्यांना काही अडलं तर बरं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात घेऊन फिरायची नाही. मी त्याला हट्टी म्हटलं. गाढवही म्हटलं." तिला हुंदका आला. "शेवटचं तेच बोलले मी त्याच्याशी."

"मग नावं त्याने खोडली?"

"तो नाही खोडत. गिऱ्हाइकाकडून खोडून घेतो. आधी त्याला नवा पासवर्ड टाकायला लावतो, मग म्हणतो, आता माझं नाव काढा, आता हिचं काढा. सगळं त्याच्या हाताने. म्हणजे आपली वस्तू आपल्या ताब्यात आली हे माणसाला कळतं म्हणे. स्वतः बघतही नाही. चहा घेऊन भिंतीकडे खुर्ची वळवतो आणि तिथून तोंडी सांगत बसतो. समोरचा 'झालं' म्हणेपर्यंत वळायचं नाही. माझं हसून हसून पोट दुखायचं."

मी गजांना आणखी चिकटले.

"ठमे, तू दुपारी आत आलीस तेव्हा त्याची खुर्ची कुठे होती?"

"मला काय माहीत? मला नुसतं रक्त दिसलं."

"भिंतीला भिडलेली होती. हातात कप होता."

तिचा उघडा डोळा मोठा झाला. ती उठून उभी राहिली आणि गज धरले.

"आम्ही दोघंच असलो की तो कधीच भिंतीकडे तोंड करायचा नाही गं. माझ्यापासून काय लपवायचंय? मावशी, मास्तर ज्याला किल्ली देत होता ना, त्यानेच त्याला मारलं!"

"किल्ली कोणाला द्यायची ठरली होती?"

"कारखान्याच्या मालकाच्या मुलीला. ती चारला येणार होती. आधी आप्पा स्वतःच घेणार होते, म्हणजे तिचे वडील. पण ते मध्यंतरी भट्टीच्या शेडमध्ये यांत्रिक घणाखाली सापडून गेले. आम्ही तेव्हा हातोडा कसा बनतो त्याचं शूटिंग करत होतो." ती थांबली. "काल मास्तरने आप्पांच्या घरच्या तिघांनाही निरोप टाकला. मलाही पाठवला होता, माझ्या फोनवर असेल तो. तुला काही कळतंय का बघ."

फोन इन्स्पेक्टरच्या टेबलावर पिशवीत होता. मी निरोप वाचला आणि दोनदा वाचला.

"तुमचं सगळं मूळ शूटिंग उद्या डिस्कवर परत देतो. आप्पा गेले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कॅमेरा चालूच राहिला होता, तेही आहे. मी उघडून पाहिलेलं नाही. माझ्याने बघवणार नाही. तुमच्या वडिलांचं शेवटचं चालणं-बोलणं त्यात असेल, ते तुमच्यापाशीच असावं."

भला माणूस होता मास्तर. हा भलेपणाच त्याच्या डोक्यात पडला.

३

कारखान्यात घणाचा दणका पायाखाली जाणवत होता. ऑफिसातल्या काचा प्रत्येक दणक्याला थरथरत होत्या. तिघेही तिथेच होते: थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि तिचा नवरा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिघे तीन दिशांना गेले होते आणि कोणालाही साक्षीदार नव्हता.

थोरल्याने मी दारात दिसताच माझी कॉलर धरली. माणूस बैलासारखा.

"त्या खुनी पोरीची मावशी ना तू? चालती हो."

"हात काढा," मी म्हटलं. "तो मोडला तर हातोडा धरायला त्रास होईल."

त्याने मला ढकललं. माझ्यासोबत आलेला इन्स्पेक्टर मध्ये पडला तर त्यालाही एक मुस्कटात बसली. त्याचं पोलिसी रक्त उसळलं, पण मी त्याचा दंड दाबला. मला माणूस तापलेला हवा होता.

"मास्तरवर राग होता तुमचा?" मी थोरल्याला विचारलं.

"होता! किल्ली मला दे म्हटलं, तर म्हणे ताईंना द्यायचं ठरलंय. थोरला मी आहे की ती? त्याला दोन ठेवून द्यायच्या होत्या मला, खोटं कशाला बोलू? पण मागून डोक्यात घालायला मी काय नामर्द आहे?"

मी फोनवरचा निरोप त्याच्यापुढे धरला. "हा मिळाला होता?"

त्याने गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ओठ हलवत वाचलं. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्याने चष्मा काढला आणि खिडकीकडे गेला. त्याचे खांदे हलत होते. इतका दांडगा माणूस असा रडताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटीने फोन हातात घेतला आणि एका दमात वाचून परत दिला. उकाड्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"मी चारला जाणार होते," ती म्हणाली. "निघतच होते, तेवढ्यात कळलं."

"त्याआधी कोणाला पाठवलं होतं का तुमच्या जागी?"

"नाही. मी कशाला कोणाला..." मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ती दचकून भिंतीला टेकली. तिचा नवरा पाण्याचे ग्लास घेऊन आला होता.

जावई म्हणजे गोड बोलणारा, हसतमुख गडी. या रडारडीत एकटाच सगळ्यांना पाणी देत होता. मी त्यालाही फोन दिला. त्याने तो हात लांब करून धरला, मग आणखी लांब, मग हसून बायकोकडे दिला.

"हिने वाचलाय ना? तेच आलं होतं मलाही."

त्याच्या नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्याच्या लालसर खुणा होत्या. चष्मा मात्र नव्हता.

"चष्मा विसरलात?"

"काल तुटला," उत्तर धाकटीने दिलं. "काल रात्री, ते..." नवऱ्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने बाही आणखी खाली ओढली. पण त्या एका क्षणात मला तिच्या मनगटावरची काळीनिळी बोटं दिसली होती.

मी इन्स्पेक्टरला बाहेर ओढलं.

"त्या स्क्रीनवर अक्षरं केवढी होती, आठवतं? तिथे बसलेल्याला बारीक दिसत नव्हतं, म्हणून त्याने ती वाढवली. ठमीला चष्मा नाही. धाकटीलाही लागत नाही. थोरल्याचा गळ्यातच असतो. उरला कोण?"

"बाई, मोठ्या अक्षरांवर मी माणूस आत टाकू? कोर्ट हसेल. साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीला विचारलंय, आज दुपारी आत कोण शिरलं ते, पण त्यांचं उत्तर यायला वेळ लागणार."

"मग त्याच्याकडूनच पुरावा घेऊ. आत चल आणि मी काहीही बोलले तरी गप्प उभा राहा. तेवढं तुला जमेल."

४

ऑफिसात गिऱ्हाइकांना माल दाखवायला भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर मी नवी साइट उघडायला लावली. चकचकीत हातोड्यांची रांग आली, वर आप्पांचा हसरा फोटो. धाकटीने तोंडावर हात दाबला.

"मास्तरची डिस्क कोणीतरी पळवली," मी म्हटलं. "पण त्याचं काही अडत नाही. मास्तर पक्का माणूस होता. आप्पांचं ते शेवटचं शूटिंग त्याने साइटच्या पोटातही भरून ठेवलंय. आत्ता दिसत नाही. पाच वाजता आपोआप याच पानावर येईल. कोणाचं बोट लागायला नको."

धादांत थाप होती. इन्स्पेक्टर छताकडे पाहू लागला.

"मग आधी थांबवा ते!" थोरला ओरडला. "सगळ्या जगापुढे माझ्या बापाचं मरण दाखवणार?"

"थांबवायला पासवर्ड लागतो. तो माझ्या भाचीकडे नाही आणि पोलिसांकडेही नाही. आज दुपारी बदललाय ना! बसून बघू या आता, काय दिसतं ते."

सगळे बसले. घण दणदणत होता. थोरला मुठी आवळून पडद्याकडे बघत होता, धाकटी डोळे मिटून. घड्याळाचा काटा पाचाकडे सरकला तसा जावई उठला.

"मला नाही बघवणार हे," तो म्हणाला. "पाणी आणतो सगळ्यांना."

ग्लास तर भरलेलेच होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी पान पुन्हा पुन्हा नव्याने उघडत होते आणि पडद्यावरून नजर हलवली नाही. आप्पा हसत होते, हातोडे चकाकत होते. आणि मग पडदा एकदम पांढरा झाला. आप्पा गेले, हातोडे गेले, मधोमध एकच ओळ उरली: साइट बंद आहे.

"वीज गेली का?" थोरल्याने विचारलं.

"वीज आहे," मी म्हटलं. "तुमच्या साइटची किल्ली या जगात एकाच माणसाकडे आहे आणि तो आत्ता या खोलीत नाही."

५

इन्स्पेक्टर माणसं बोलवायला वळला. मी थांबले नाही. ठमीचा फाटलेला ओठ डोळ्यांपुढे होता, मला तो माणूस माझ्या हाताने धरायचा होता.

शेडमध्ये भट्टीचा लाल उजेड होता. जावई घणाशेजारी पाठमोरा उभा होता, फोन हात लांब करून धरलेला, त्यावर अंगठ्याएवढी अक्षरं. ते शूटिंग शोधत बसायला त्याला ना वेळ होता ना चष्मा, म्हणून त्याने अख्खी साइटच बंद केली होती.

"बायकोने पाठवलंय म्हणून सांगितलंस ना मास्तरला?" मी म्हटलं.

तो वळला. तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं. दुसऱ्या हातात हातघण कधी आला ते मला कळलंच नाही.

पहिला घाव मी हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला त्या दणदणाटातही ऐकू आला. दुसरा कानाजवळून गेला आणि लोखंडी खांबावर ठिणग्या उडवून गेला. मी पडले. त्याने माझ्या छातीवर पाय दिला.

"म्हातारा मला घराबाहेर काढणार होता!" तो ओरडत होता. "स्वतःच्या बायकोला दोन थोबाडीत दिल्या तर त्याच्या बापाचं काय गेलं? मी नुसता ढकलला त्याला! नुसता ढकलला!"

हे तो मला सांगत होता. पण माझ्या मागे शेडच्या दारात थोरला उभा होता, आणि त्याच्यामागे धाकटी.

थोरला जनावरासारखा ओरडून धावला. त्याने जावयाला कमरेला धरून उचलला आणि लोखंडाच्या सळयांवर आपटला. हातघण निसटून माझ्या पायाशी पडला. मग थोरल्याने नुसत्या मुठींनी त्याचं तोंड ठेचायला सुरुवात केली. दात पडले, नाक सपाट झालं. तरी तो थांबेना. मग त्याने त्याला मानेला धरून फरफटत यांत्रिक घणाखाली आणला. वरून ते टनभर लोखंड खाली येत होतं, वर जात होतं. इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई त्याच्या अंगाला लोंबकळले, पण त्याला ते माशांसारखे.

तेवढ्यात दणदणाट थांबला.

धाकटीने लाल बटण दाबलं होतं. तिचा हात त्यावरच होता. बाही कोपरापर्यंत सरकली होती आणि हाताची अख्खी निळी कातडी भट्टीच्या उजेडात सगळ्यांना दिसत होती.

"दादा, सोड त्याला," ती म्हणाली. "या घणाखाली आणखी कोणी मरायचं नाही."

थोरल्याने तिच्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस शेजारच्या खोलीत राहून त्याला तो दिसला नव्हता. तो तिथेच मटकन खाली बसला.

डिस्क भट्टीत सापडली, वितळून गोळा झालेली. तिच्यात काय होतं ते मास्तरने पाहिलं नाही, आणि आता कोणीच पाहणार नाही.

६

ठमी सुटली. भिंत खरवडून रंगवून घेतली तरी एका ठिकाणी रंगाखालून डाग उमटत राहिला. ठमीने तिथे कॅलेंडर लावलं नाही. असू दे म्हणाली.

पोलिसांकडून साइट पहिल्यासारखी, ठमीच्या आणि मास्तरच्या नावांसकट परत मिळाली, त्यानंतरच्या आठवड्यात धाकटी आली. आखूड बाह्यांचे कपडे घालून आली होती. निळे डाग पिवळे पडत आले होते. तिने सोबत नमुन्याचा नवा हातोडा आणला होता, फोटो काढायला. तो टेबलावर ठेवताना तिचं तिलाच कसंसं झालं आणि तिने तो लांब सरकवला.

माझा हात गळ्यात बांधलेला. मी दाराशी उभी होते आणि दोघींवर नजर ठेवून होते. ही बिचारी काही करणार नाही हे मला कळत होतं, पण जित्याची खोड.

ठमीने चहा ओतला. धाकटीला संगणकापुढे बसवलं. मग स्वतःचा कप उचलला आणि खुर्ची भिंतीकडे वळवली, त्या डागासमोर.

"ठमे, नको," माझ्या तोंडून निघून गेलं. "अशीच बस ना. कोण बघतंय?"

"पद्धत आहे, मावशी." तिने कप दोन्ही हातांनी धरला. उघड्या मानेवर मास्तरच्या भावाने उपटलेल्या केसांची जागा दिसत होती. "ताई, नवा पासवर्ड टाका. कोणालाही सांगू नका. मलाही नाही."

धाकटीची बोटं जागच्या जागी थबकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने नाक पुसलं आणि एकेक अक्षर दाबलं.

"आता मास्तरांचं नाव काढा."

"काढलं."

"आता माझं."

"काढलं."

मला ते बघवेना. हातोडा टेबलावर, ती मान उघडी, आणि मी असा पहारा देत उभी. मीही पाठ फिरवली आणि खिडकीतून खालचा रस्ता बघत राहिले.

"झालं?" ठमीने विचारलं.

"थांबा," धाकटी म्हणाली. "आमच्या माणसांच्या पानावर अजून एकाचा फोटो आहे. तो काढायचाय. कसा काढतात, सांगा."

ठमीने सांगितलं. भिंतीकडे बघत, न अडखळता, अगदी मास्तरसारखं. मागे बटणांचा बारीक आवाज आला.

"आता झालं," धाकटी म्हणाली. "वळा."